घरात मराठी, शाळेत इंग्रजी

प्रस्तावना

अमेरिकेत सार्वजनिक शाळेत मुलाचं नाव घालायला गेलं की जन्मदाखला, लसीकरणाची नोंद आणि पत्त्याचा पुरावा यांच्या जोडीला आणखी एक छोटा कागद भरून द्यावा लागतो. घरी कोणती भाषा बोलली जाते, याची ती विचारणा असते. कॅलिफोर्नियात त्यावर चार प्रश्न असतात. मूल पहिल्यांदा बोलायला लागलं ते कुठल्या भाषेत? घरी ते सर्वांत जास्त कुठली भाषा बोलतं? तुम्ही त्याच्याशी कुठल्या भाषेत बोलता? आणि घरातली मोठी माणसं बहुतेक वेळा कुठली भाषा वापरतात? या चार ओळी भरताना मराठी आई-वडिलांचा हात अडखळतो. 'मराठी' लिहिलं तर मुलाला वेगळं बसवतील का? कच्च्या मुलांत धरतील का? मग आधी येऊन स्थिरावलेल्या कुणा ओळखीच्यांना फोन जातो आणि तिकडून सल्ला येतो, "सरळ इंग्लिश लिहून टाक, नसती कटकट कशाला?"

हे पुस्तक त्या सल्ल्याच्या विरोधात लिहिलं आहे. सरकारी कागदावर खोटं लिहू नये हे तर आहेच, पण माझा मुद्दा त्याहून मोठा आहे. त्या कागदावर 'मराठी' लिहिलं की मुलाला मदतीचा कायदेशीर हक्क मिळतो, आणि हा हक्क मिळावा म्हणून परक्या भाषेतल्या गरीब मुलांना कोर्टाची पायरी चढावी लागली आहे. शिवाय घरची भाषा इंग्रजीच्या आड येते या ज्या भीतीपोटी मराठी लपवली जाते, ती भीतीच मुळात निराधार आहे. मूल दुसरी भाषा शिकतं ते पहिलीच्या आधारानं. तो आधार काढून घेतला तर इंग्रजी लवकर येत नाही. मूल दोन्हीकडून अडतं. पुढची सगळी प्रकरणं या एकाच म्हणण्याभोवती फिरतात.

आधी त्या कागदाचं पुढे काय होतं ते सांगते. त्यावर इंग्रजीखेरीज दुसरी भाषा दिसली की मुलाचं इंग्रजी तपासणं शाळेवर बंधनकारक होतं. कॅलिफोर्नियात ही चाचणी प्रवेशानंतर ३० दिवसांच्या आत व्हावी लागते. ऐकणं, बोलणं, वाचणं आणि लिहिणं अशा चारही अंगांनी ती घेतात. बहुतेक इतर राज्यांत विस्कॉन्सिन विद्यापीठातून चालणाऱ्या 'विडा' या संस्थेच्या चाचण्या वापरतात आणि मुलाची पातळी एक ते सहा अशी ठरते. मुलाचं इंग्रजी पुरेसं असलं तर विषय तिथेच संपतो. नसलं तर त्याची नोंद इंग्रजी शिकणारा विद्यार्थी म्हणून होते, पालकांना तसं पत्र येतं, आणि ठरावीक पातळी गाठेपर्यंत दरवर्षी परीक्षा होते. पालकांना हवं तर ते खास तासिका नाकारू शकतात. वार्षिक परीक्षा मात्र टळत नाही. मूल मंद आहे, मागे पडलं आहे, असा या नोंदीचा अर्थ नाही. देशभरात अशी नोंद असलेली ५० लाखांहून अधिक मुलं आहेत, म्हणजे सार्वजनिक शाळांतल्या दर दहांत साधारण एक. त्यांच्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांची घरची भाषा स्पॅनिश आहे. यातली बहुसंख्य मुलं अमेरिकेतच जन्मलेली आहेत, हे आपल्याकडच्या वाचकांना सांगितलं की आश्चर्य वाटतं. पण पुण्याहून गेलेल्या जोडप्याचं न्यू जर्सीत जन्मलेलं मूल पाचव्या वर्षी किंडरगार्टनमध्ये जातं तेव्हा त्याच्या तोंडात आजीची मराठीच असते, आणि ती असावी.

हा हक्क सहज मिळालेला नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जर्मनांविरुद्ध लाट उसळली आणि तिचा फटका शाळांना बसला. नेब्रास्का राज्यानं १९१९ साली कायदा करून आठवी पूर्ण होण्याआधी कुठल्याही मुलाला इंग्रजीखेरीज दुसरी भाषा शिकवायला बंदी घातली. ही बंदी खासगी शाळांनाही होती. १९२०च्या मे महिन्यात हॅम्पटन नावाच्या खेड्यातल्या चर्चच्या शाळेत रॉबर्ट मायर नावाचे शिक्षक एका दहा वर्षांच्या मुलाकडून बायबलमधल्या गोष्टींचं जर्मन पुस्तक वाचून घेत होते. त्या गुन्ह्यासाठी त्यांना २५ डॉलर दंड झाला. ते लढत राहिले आणि १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा घटनाबाह्य ठरवला. स्वतःची भाषा शिकण्याची मुभा त्या निकालानं दिली. पण इंग्रजी न येणाऱ्या मुलाकडे शाळेनं लक्ष दिलं पाहिजे, हे म्हणायला आणखी पन्नास वर्षं जावी लागली.

ते घडलं सॅन फ्रान्सिस्कोत. १९७०च्या सुमारास तिथल्या शाळांत इंग्रजी न येणारी २,८५६ चिनी मुलं होती. त्यांच्यातल्या सुमारे एक हजार मुलांना इंग्रजीचे जादा धडे मिळत होते. उरलेल्या सुमारे १,८०० मुलांना काहीच मिळत नव्हतं. ती रोज शाळेत येत, बाकावर बसत, फळ्याकडे पाहत आणि घरी जात. किनी लाऊ या सहा वर्षांच्या मुलाच्या नावानं, इतर मुलांना सोबत घेऊन, एडवर्ड स्टाइनमन या वकिलांनी दावा लावला. खालच्या दोन्ही न्यायालयांत ते हरले. शाळेनं सगळ्यांना सारखंच वागवलं आहे, घरून मूल काय घेऊन येतं त्याची जबाबदारी शाळेवर नाही, असा तिथला सूर होता. २१ जानेवारी १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं तो फिरवला. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांच्या निकालपत्राचा गाभा असा की सारखे बाक, सारखी पुस्तकं, सारखे शिक्षक आणि सारखा अभ्यासक्रम दिला म्हणजे समान वागणूक झाली असं होत नाही, कारण ज्याला भाषाच कळत नाही त्याच्यासाठी शिक्षणाचं दार बंदच राहतं. वंश आणि राष्ट्रीय मूळ यांवरून भेदभावाला मनाई करणाऱ्या १९६४च्या नागरी हक्क कायद्यावर हा निकाल उभा होता.

मी हा निकाल मराठी आई-वडिलांना नेहमी सांगते. आपण नव्वदच्या दशकात किंवा त्यानंतर अमेरिकेत आलो, नोकऱ्या घेऊन आलो, चांगल्या वस्तीत घर घेतलं. आपल्या मुलाला शाळेत वेगळी शिक्षिका मदतीला मिळते ती चायनाटाउनमधल्या त्या मुलांमुळे. ज्यांच्यामुळे ती मिळाली त्यांची जाणीव ठेवली, तर कागदावर 'मराठी' लिहिण्यात कमीपणा वाटणार नाही.

कसं शिकवायचं हे मात्र न्यायालयानं सांगितलं नाही. 'काहीतरी करा' एवढंच म्हटलं. ते काहीतरी पुरेसं आहे की नाही हे ओळखायची कसोटी १९८१ साली टेक्ससमधल्या रेमंडव्हिलच्या खटल्यात मिळाली. शाळेची पद्धत जाणकारांना मान्य असलेल्या विचारावर आधारलेली आहे का, ती राबवायला शिक्षक आणि साधनं दिली आहेत का, आणि काही काळानंतर मुलांना खरोखर येऊ लागलं आहे का, हे तीन प्रश्न विचारायचे. माझ्या मते भाषाशिक्षणाविषयी एखाद्या न्यायालयानं यापेक्षा शहाणं काही म्हटलेलं नाही. कुठल्याही देशातल्या कुठल्याही शाळेला हेच तीन प्रश्न विचारावेत.

पद्धतींवरची भांडणं चालूच राहिली आणि त्यात राजकारण शिरलं. फ्लोरिडात मायामीतल्या कोरल वे शाळेनं १९६३ सालीच क्यूबातून आलेल्या आणि इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना एकत्र बसवून अर्धा दिवस स्पॅनिश आणि अर्धा दिवस इंग्रजी असा वर्ग सुरू केला होता. १९६८ साली द्विभाषिक शिक्षणाचा केंद्रीय कायदा झाला. त्यावर सही करणारे लिंडन जॉन्सन तरुणपणी टेक्ससमधल्या कोटुला गावात मेक्सिकन वस्तीतल्या मुलांचे मास्तर होते. मग वारं फिरलं. १९९८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ६१ टक्के मतांनी द्विभाषिक वर्ग जवळजवळ बंद केले आणि मुलांना वर्षभर इंग्रजीचा मारा करून नेहमीच्या वर्गात ढकलावं असं ठरवलं. २०१६ साली त्याच राज्यानं ७३ टक्क्यांहून अधिक मतांनी तो निर्णय मागे घेतला. मार्च २०२५मध्ये अध्यक्षांच्या आदेशानं इंग्रजी देशाची अधिकृत भाषा झाली. एवढ्या उलथापालथीतही १९६४चा कायदा आणि १९७४चा निकाल जागेवर आहेत. शाळेचा सूर बदलला तरी मुलाचा हक्क गेलेला नाही, हे पालकांनी पक्कं लक्षात ठेवावं.

आता मूळ भीतीकडे वळू. दोन भाषांनी मुलाचा गोंधळ उडतो, ही समजूत फक्त आजी-आजोबांची किंवा शेजाऱ्यांची नव्हे. एके काळी ती विद्यापीठांतही होती. १९२३ साली डी. जे. सेयर यांनी वेल्समधल्या मुलांची बुद्धिमापनं घेऊन, खेड्यातली वेल्श-इंग्रजी बोलणारी मुलं फक्त इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा मागे असतात असा निष्कर्ष काढला. पुढची चाळीस वर्षं अशाच अभ्यासांचा पगडा राहिला. त्यांतल्या अनेकांत चुका उघड्या डोळ्यांना दिसण्याजोग्या होत्या. गरीब घरातल्या मुलांची तुलना सुखवस्तू घरांतल्या मुलांशी केलेली असे, आणि चाचणी मुलाला नीट न येणाऱ्या भाषेत घेतलेली असे. १९६२ साली मॉन्ट्रियलमध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी दहा वर्षांची मुलं घेतली, घरची परिस्थिती सारखी ठेवली, आणि दोन्ही भाषा चांगल्या येणारी मुलं एकाच भाषेच्या मुलांच्या पुढे आहेत असं त्यांना दिसलं. द्विभाषिक मुलं जात्याच हुशार असतात असं मी म्हणणार नाही. तसे दावे पुढे बरेच झाले आणि त्यावर वादही झाले. गोंधळ होतो हे मात्र खोटं ठरलं, आणि आपल्याला तेवढं पुरेसं आहे.

त्या जुन्या समजुतीनं मुलांचं केवढं नुकसान केलं याचा पुरावा कॅलिफोर्नियाच्या कोर्टात आहे. माँटेरे परगण्यात स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतल्या नऊ मुलांची इंग्रजीत बुद्धिचाचणी घेऊन त्यांना मतिमंद मुलांच्या वर्गात बसवलं होतं. स्पॅनिशमध्ये पुन्हा तपासल्यावर त्यांच्यातली बहुतेक मुलं त्या वर्गातली नव्हतीच असं निघालं. त्या खटल्यात १९७० साली झालेल्या तडजोडीपासून मुलाला त्याच्या घरच्या भाषेत तपासलं पाहिजे हा नियम आला. आपल्या मुलाविषयी शाळेतून 'बोलण्यात दोष वाटतो' असं पत्र आलं तर पहिला प्रश्न हाच विचारायचा: तपासलं कुठल्या भाषेत?

यावर एक साधी खूण सांगते. मराठी मूल इंग्रजी बोलताना 'अ' आणि 'द' गाळतं. मराठीत अशी उपपदं नाहीत, त्यामुळे ती गाळणं हा शिकण्याचा स्वाभाविक टप्पा आहे. क्रियापद शेवटी टाकणं, अनेकवचनाचा 'स' विसरणं हेही तसंच. पण मूल मराठीतही वाक्य जुळवत नसेल, सांगितलेलं घरच्यांनाही कळत नसेल, समवयस्क मराठी मुलांपेक्षा त्याची मराठी बरीच मागे असेल, तर मात्र तज्ज्ञाकडे जावं आणि लवकर जावं. अडचण खरी असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते. म्हणून अशा वेळी शाळेनं आजीला विचारायला हवं की नातू घरी कसा बोलतो, आणि आजीला इंग्रजी येत नसेल तर दुभाषा आणायला हवा.

नवं आलेलं मूल पहिले काही आठवडे, कधी काही महिने, वर्गात अवाक्षर काढत नाही. पालक हवालदिल होतात. बाईही कधी कधी काळजीत पडतात. या काळात मूल ऐकत असतं. 'रांगेत उभे राहा' म्हटलं की ते शेजाऱ्याकडे पाहून उभं राहतं, आणि तिसऱ्या आठवड्यात न पाहता उभं राहतं. तिसऱ्या आठवड्यातला हा फरक ज्या बाईंच्या नजरेला पडतो त्या चांगल्या शिक्षिका, असं मी समजते. गप्प मुलाला उभं करून बोलायला लावण्यानं काहीही साधत नाही. त्याला चित्रावर बोट ठेवू द्यावं, मान हलवू द्यावी, चित्र काढून खाली एक शब्द लिहू द्यावा, तोही हवा तर देवनागरीत.

खरा धोका नंतर येतो, मूल फडाफडा बोलायला लागल्यावर. टोरांटोतले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली आणि पुढे हा भेद स्पष्ट केला. मैदानावरचं, डब्याच्या सुट्टीतलं इंग्रजी साधारण दोन वर्षांत येतं. पण धड्यातलं इंग्रजी, ज्यात कारण-परिणाम सांगायचा असतो, तुलना करायची असते, समोर नसलेल्या गोष्टीबद्दल लिहायचं असतं, त्याला पाच ते सात वर्षं लागतात. बोलणं ऐकून सगळे समजतात की याला आता इंग्रजी आलं, मदत थांबते, आणि चौथी-पाचवीत सामाजिक शास्त्राचं पुस्तक हातात आल्यावर मूल कोसळतं. तेव्हा त्याला आळशी म्हणतात. तिसरीतलं शाब्दिक उदाहरण पाहा. रवीकडे बारा गोट्या आहेत, त्या मीनाच्या गोट्यांपेक्षा सातने कमी आहेत, तर मीनाकडे किती? वजाबाकी उत्तम येणारं मूल 'कमी' दिसताच वजा करतं आणि पाच लिहितं. इथे गणित चुकलेलं नाही, वाक्य निसटलं आहे. ज्या मुलानं घरी बाबांबरोबर मराठीत अशी कोडी सोडवली आहेत त्याला वाक्याची ही खोच माहीत असते. इंग्रजीत त्याला फक्त नवे शब्द लागतात, विचार नव्यानं शिकावा लागत नाही. कमिन्स यांचं दुसरं म्हणणं ते हेच: दोन्ही भाषांच्या खाली समज एकच असते, एकीत कमावलेलं दुसरीत कामाला येतं. देवनागरीतून वाचायला शिकलेल्या मुलाला अक्षर म्हणजे आवाजाची खूण हे पुन्हा शिकवावं लागत नाही. इंग्रजी स्पेलिंगचा जाच त्याला सोसावा लागतोच, पण वाचणं म्हणजे काय हे त्याला कळलेलं असतं.

धड्याचं इंग्रजी शिकवायचं कसं? ऑस्ट्रेलियातल्या पॉलीन गिबन्स यांनी सिडनीच्या शाळांत जे नोंदवलं ते माझ्या मनात पक्कं बसलं आहे. मुलांना चुंबक आणि खिळे, टाचण्या, रबर असे जिन्नस देतात. चार-चारच्या गटांत मुलं करून पाहतात. त्या वेळी त्यांची वाक्यं म्हणजे 'हे बघ, चिकटलं', 'ते नाही चिकटत' अशीच असतात, कारण वस्तू समोर असतात आणि बोटानं काम भागतं. मग वस्तू बाजूला ठेवून एकेकानं सगळ्या वर्गाला सांगायचं. आता 'हे' आणि 'ते' चालत नाही, वस्तूचं नाव घ्यावं लागतं. मूल अडलं की बाई शब्द पुढे करतात, 'आकर्षून घेतं' असं म्हणतात, आणि पुढच्या वाक्यात मूल तोच शब्द वापरतं. त्यानंतर लिहायचं, तेव्हा ते लिहिणं पुस्तकाच्या जवळ गेलेलं असतं. या सगळ्यात विज्ञान सोपं केलेलं नाही. मुलाला अवघड विषय त्याच्या पूर्ण उंचीचा दिला आहे आणि भाषेची शिडी पायरी-पायरीनं लावली आहे. इंग्रजी येत नाही म्हणून मुलाला सोपी, पोरकट पुस्तकं देणारे वर्ग मी खूप पाहिले. दहा वर्षांच्या मुलाला चार वर्षांच्या मुलाचं पुस्तक देणं हा त्याचा अपमान आहे, आणि मुलाला तो कळतो.

घराबद्दल थोडं अधिक लिहावं लागेल. 'घरी इंग्रजी बोला' हा सल्ला आजही काही शिक्षिका चांगल्या हेतूनं देतात आणि मराठी आई-वडील तो लगेच अमलात आणतात, कारण त्यांना इंग्रजी येतं. लिली वाँग फिलमोर यांनी १९९१ साली हजाराहून अधिक स्थलांतरित कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध केली. फार लहान वयात, फक्त इंग्रजी चालणाऱ्या बालवाड्यांत गेलेली मुलं घरची भाषा टाकून देतात, आणि मुलं मोठी झाल्यावर अनेक घरांत पालक आणि मुलं यांच्यात बोलण्याला सामायिक भाषाच उरत नाही, असं त्यात आढळलं. आपल्या घरांत गोष्ट तिथवर जात नाही, कारण आई-बाबा इंग्रजीत बोलू शकतात. पण आजी-आजोबांशी नातं तुटतं. आणि आई-बाबांचं इंग्रजी ऑफिसात कितीही सफाईचं असलं तरी, लहान मुलाशी लाडानं बोलायचं, रागवायचं, समजूत काढायची, चिडवायचं, भुताची गोष्ट सांगायची, हे ते मराठीत जितकं भरभरून करतात तितकं इंग्रजीत करत नाहीत. मुलाला ऐकायला मिळणाऱ्या भाषेचा कस त्यानं उतरतो.

मात्र 'आम्ही घरी मराठीच बोलतो' असं म्हणणाऱ्या घरांतली मराठीही मी नीट कान देऊन ऐकली आहे. 'चल, जेव, दूध पी, शूज घाल, बस मिस होईल, झोप आता.' मूल त्यातल्या इंग्रजी शब्दांनी गोंधळत नाही. दोन भाषा येणारी माणसं जगभर अशीच सरमिसळ करतात आणि मुलाला कुणाशी कसं बोलायचं ते लहानपणीच कळतं. खंत वेगळ्या गोष्टीची आहे. ही मराठी जवळजवळ सगळी आज्ञार्थात आहे. तिच्यात 'का', 'कसं', 'जर-तर', 'मला वाटतं' येत नाही, आणि विचार तर याच शब्दांत वाढतो. मुलाला पोळ्या लाटताना कणीक का मळून ठेवतात ते विचारा, पंढरपूरला लोक चालत का जातात ते सांगा, त्यानं शाळेत पाहिलेला ज्वालामुखीचा प्रयोग मराठीत सांगायला लावा आणि शब्द अडला की इंग्रजी शब्द घालू द्या. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या पुढाकारानं अनेक शहरांत आठवड्याच्या सुट्टीला मराठी शाळा भरतात. तिथले स्वयंसेवक शिक्षक फार मोलाचं काम करतात. पण आठवड्यातून दोन तासांची शाळा घरातल्या बोलण्याची जागा घेऊ शकत नाही. कॅलिफोर्नियानं २०११ साली बारावी होताना दोन भाषांत प्रावीण्य दाखवणाऱ्यांना अधिकृत मोहोर देण्याचा कायदा केला, ती प्रथा पुढे देशभर पसरली, आणि मराठीसाठीही प्रावीण्य-चाचणी उपलब्ध आहे. ज्या राज्यानं १९९८ साली द्विभाषिक वर्ग मोडले, त्याच राज्यानं ही मोहोर काढली, याचं मला फार समाधान आहे.

हे पुस्तक महाराष्ट्रातले पालकही वाचतील, म्हणून एक इशारा इथेच देते. २००० सालच्या जूनपासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आहे, सेमी-इंग्रजी आहे, आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा तालुक्याच्या गावापर्यंत पोचल्या आहेत. त्यांच्या समर्थनार्थ कॅनडाचं उदाहरण देतात. मॉन्ट्रियलजवळच्या सेंट-लॅम्बर्टमध्ये १९६५ साली इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांना थेट फ्रेंच वर्गात घातलं आणि ती दोन्ही भाषा शिकली, हे खरं आहे. पण त्या मुलांची इंग्रजी देशातली बलवान भाषा होती, बाईंना मुलांची भाषा कळत होती, मुलं सुरुवातीला इंग्रजीत उत्तरं देत तर चालत होतं, आणि दुसरीपासून इंग्रजी वाचनही शिकवलं जात होतं. बीडमधल्या किंवा चाळीसगावातल्या ज्या शाळेत मराठीत बोललं तर दंड होतो आणि बाईंनाही इंग्रजी पुस्तकापुरतंच येतं, तिचं त्या वर्गाशी काहीही साम्य नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या मुलाला दुकानात, बागेत, टीव्हीवर इंग्रजी ऐकू येतं. इथल्या मुलाला ते तासापुरतंच भेटतं. म्हणून इथे मराठीचा आधार अमेरिकेतल्यापेक्षा जास्त लागतो.

आणि आपल्याच राज्यात अशी मुलं आहेत ज्यांच्यासाठी शाळेची परकी भाषा मराठी आहे. मेळघाटातलं कोरकू मूल, गडचिरोलीतलं माडिया किंवा गोंड मूल, नंदुरबारच्या डोंगरातलं पावरी बोलणारं मूल पहिलीत येतं आणि झेडपीच्या शाळेतल्या गुरुजींचं मराठी त्याला कळत नाही. सॅन फ्रान्सिस्कोतली ती १,८०० मुलं जशी बसून राहिली तसंच हे मूल बसून राहतं आणि 'आदिवासी मुलं लाजरी असतात' असा शेरा मिळवतं. त्याच्या गप्प बसण्याचं कारण लाज नाही, भाषा आहे. परदेशात आपल्या मुलासाठी जे मागतो तेच या मुलाला द्यायला आपण बांधलेले आहोत: त्याच्या भाषेचा आदर, ती येणारे शिक्षक किंवा निदान मदतनीस, आणि मराठी शिकायला पाच-सात वर्षांची सवड. या विषयावर एक प्रकरण मी मुद्दाम घातलं आहे. अमेरिकेवरच्या पुस्तकात ते कशाला असा प्रश्न कुणाला पडला तर मी म्हणेन, तेच आधी वाचा.

बाकी प्रकरणं क्रमानं वाचायलाच हवीत असं नाही. शिक्षकांना चौथ्या प्रकरणात एका विज्ञानाच्या आणि एका गणिताच्या धड्याची सबंध आखणी मिळेल. मूल दोन वर्षांचं असेल तर घरच्या बोलण्यावरचं दुसरं प्रकरण पुरेसं आहे. शाळेतून चाचणीचं पत्र हातात पडलं असेल तर सगळं बाजूला ठेवून पाचवं प्रकरण उघडा. निकालाचे चार भाग कसे वाचायचे, शाळेच्या भेटीत काय विचारायचं, दुभाषा कसा मागायचा आणि पटलं नाही तर लेखी हरकत कशी घ्यायची, हे त्यात आहे. भेटीला जाताना मुलानं मराठीत लिहिलेलं किंवा सांगितलेलं काहीतरी सोबत न्यावं. बाईंना मराठी वाचता येत नसली तरी ते न्यावंच, आणि त्याचा अर्थ त्यांना तुम्हीच समजावून द्यावा.